प्रस्तावना : गतीवाचून स्पिनचा हिशेब लागत नाही

प्रोटॉन म्हणजे धन विद्युतभार असलेला एक कण आणि न्यूट्रॉन म्हणजे विद्युतभार नसलेले त्याचे भावंड, एवढ्यावर शालेय पुस्तकाचे काम भागते. निसर्गाचे भागत नाही, हे 1933 सालीच दिसले. त्या वर्षी हॅम्बुर्ग येथे ओटो स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटॉनचे चुंबकीय आघूर्ण मोजले. प्रोटॉन इलेक्ट्रॉनसारखा मूलभूत कण असता, तर डिरॅक यांच्या समीकरणानुसार हे मूल्य एक न्यूक्लिअर मॅग्नेटॉन भरायला हवे होते. प्रत्यक्षात ते अडीचपटीच्या आसपास निघाले. आजच्या मोजणीनुसार ते 2.79 आहे. न्यूट्रॉनवर तर विद्युतभारच नाही, तरी त्याचे आघूर्ण उणे 1.91 भरते. आत काहीतरी विद्युतभारित आहे आणि ते फिरते आहे, असाच याचा अर्थ होता. 1950च्या दशकात स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफस्टॅडर यांनी प्रोटॉनवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याला आकारमान असल्याचे दाखवले आणि आतल्या घडणीचा प्रश्न कायमचा ऐरणीवर आणला. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. न्यूक्लिऑनच्या आत क्वार्क कसे हिंडतात आणि त्यांचा स्पिन न्यूक्लिऑनच्या स्पिनमध्ये कसा जमा होतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. या क्षेत्राच्या गेल्या साठ वर्षांतून एक गोष्ट मला स्वच्छ दिसते : क्वार्कची गती बाजूला ठेवून त्याच्या स्पिनचा हिशेब मांडता येत नाही, आणि ही गोष्ट भौतिकशास्त्राला आधी प्रतिमानांनी शिकवली.

1964 साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे क्वार्कची कल्पना मांडली. प्रोटॉनमध्ये दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’, न्यूट्रॉनमध्ये दोन ‘डाउन’ आणि एक ‘अप’. प्रत्येक क्वार्कचा स्पिन अर्धा. तिघांच्या दिशा योग्य रीतीने जुळवल्या की न्यूक्लिऑनचा अर्धा स्पिन तयार होतो. ही मांडणी दिसायला साधी असली तरी तिने मोठा पल्ला गाठला. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या चुंबकीय आघूर्णांचे गुणोत्तर उणे दीड असावे, असे तिचे भाकीत होते. प्रयोगातून ते उणे 1.46 मिळते. इतके चांगले उत्तर मिळाल्यावर चित्रच खरे आहे असे वाटू लागणे स्वाभाविक होते. मात्र त्या चित्रात एक गृहीत मुकाट्याने शिरले होते. क्वार्क जवळजवळ स्थिर आहेत, सर्वांत खालच्या अवस्थेत शांत बसले आहेत, म्हणून न्यूक्लिऑनचा सारा स्पिन हा क्वार्कच्या स्पिनची नुसती बेरीज आहे, असे ते गृहीत.

हे गृहीत किती कच्चे आहे, हे कागदाच्या एका कोपऱ्यावर तपासता येते. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे 0.84 फेम्टोमीटर आहे; एका मीटरचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोमीटर. एवढ्याशा जागेत कोंडलेल्या कणाचा संवेग शून्य असू शकत नाही. अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार तो 200 एमईव्ही, म्हणजे वीस कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, या घरात असावा लागतो. आता क्वार्कचे वस्तुमान पाहा : ‘अप’चे सुमारे 2 एमईव्ही, ‘डाउन’चे सुमारे 5 एमईव्ही. संवेग वस्तुमानाच्या कितीतरी पट मोठा आहे, याचा अर्थ क्वार्क प्रकाशाच्या वेगाला भिडलेले आहेत. हायड्रोजन अणूतला इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या सुमारे एकशेसदतिसाव्या भागाने हिंडतो. त्यामुळे तिथे स्पिन वेगळा आणि कक्षेतली गती वेगळी असा हिशेब उत्तम चालतो. अणूच्या अभ्यासातून आलेली ही सवय प्रोटॉनच्या आत चालत नाही. तिथे सापेक्षतेचे नियम पहिल्या पायरीपासून लागू होतात, आणि त्या नियमांत स्पिन आणि गती यांची फारकत करता येत नाही.

1960च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत जेरोम फ्रिडमन, हेन्री केंडल आणि रिचर्ड टेलर यांच्या गटाने प्रोटॉनवर उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आदळवले. ते ज्या रीतीने विखुरले गेले, त्यावरून आत बिंदूसारखे कण असल्याचे स्पष्ट झाले. या निष्कर्षांचा अर्थ लावण्यासाठी रिचर्ड फाइनमन यांनी पार्टन-प्रतिमान मांडले. अत्यंत वेगाने धावणाऱ्या प्रोटॉनकडे पाहावे आणि त्याच्या एकूण संवेगाचा किती हिस्सा कोणता क्वार्क वाहतो, ते मोजावे, ही त्यामागची युक्ती. 1973 साली डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलिट्झर यांच्या कामातून क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स, म्हणजेच क्यूसीडी, हा सिद्धांत उभा राहिला. क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांकडे प्रोटॉनचा जवळपास अर्धा संवेग असतो, हेही समजले. फाइनमन यांच्या युक्तीने या शास्त्राला अचूकता दिली, पण एक आंधळी जागाही दिली. आषाढी वारीची दिंडी रोज किती कोस पुढे सरकली एवढेच कोणी नोंदवले, तर फुगडी आणि रिंगणातली आडवी-वर्तुळाकार हालचाल त्या नोंदीत कधीच येणार नाही. धावणाऱ्या प्रोटॉनच्या एकमितीय चित्रात क्वार्कची आडवी गती अशीच निसटली. ती नोंदवायची गरज आहे, हे कळायला एक धक्का लागला.

तो धक्का 1987-88मध्ये सर्नमधून आला. युरोपियन म्यूऑन कोलॅबोरेशनने स्पिन एका दिशेला वळवलेले म्यूऑन, तसाच स्पिन वळवलेल्या प्रोटॉनांवर आदळवले. दोघांचे स्पिन समांतर असताना आणि विरुद्ध असताना किती म्यूऑन विखुरतात, यांतल्या लहानशा फरकावरून क्वार्कच्या स्पिनचा वाटा काढता येतो. 1974 साली जॉन एलिस आणि रॉबर्ट जॅफी यांनी केलेल्या अंदाजानुसार हा वाटा 60 टक्क्यांच्या आसपास अपेक्षित होता. हाती आला तो अवघा 12 टक्के, आणि त्यातली अनिश्चितता इतकी मोठी की तो शून्यही असू शकला असता. ‘स्पिनचे संकट’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. पुढे सर्नमधला कॉम्पास, हॅम्बुर्गमधला हर्मिस, तसेच स्लॅक आणि जेफरसन लॅब इथल्या प्रयोगांनी आकडा सुधारला; आज क्वार्कच्या स्पिनचा वाटा 30 टक्क्यांच्या आसपास मानला जातो. ब्रुकहेवनच्या रिक त्वरकात स्पिन वळवलेले प्रोटॉन एकमेकांवर आदळवून ग्लुऑनच्या स्पिनचाही शोध घेतला गेला. 2014 साली त्या निष्कर्षांच्या विश्लेषणातून ग्लुऑनचा वाटा धन असल्याचे स्पष्ट संकेत मिळाले, पण अगदी कमी संवेगाच्या ग्लुऑनांचा हिशेब अजून बाकी आहे. उरलेला भाग क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या फिरण्यातून, म्हणजे कक्षीय कोनीय संवेगातून, यायला हवा.

वास्तविक वस्तुमानरहित क्वार्कचे साधे गणित आधीच बरेच काही सांगत होते. अशा क्वार्कचा स्पिन त्याच्या धावण्याच्या दिशेशी जखडलेला असतो : एकतर त्या दिशेने, नाहीतर बरोबर उलट. प्रोटॉनचा स्पिन वर आहे आणि क्वार्क सर्व दिशांना सारखेच धावत आहेत, असे समजा. आपल्याला वरच्या अक्षावर पडणारा स्पिनचा हिस्सा हवा आहे. कलत्या दिशेने धावणाऱ्या क्वार्कचा स्पिन त्या अक्षावर कोसाइनइतकाच उतरतो. तो धावण्याच्या दिशेने असण्याची आणि उलट असण्याची शक्यता यांतला फरकही कोसाइनच्याच प्रमाणात बदलतो. म्हणून सरासरी निघते ती कोसाइनच्या वर्गाची, आणि सर्व दिशांवर ती बरोबर एक तृतीयांश येते. बाकीचे दोन तृतीयांश कक्षीय कोनीय संवेगात जातात. कोणतेही नवे बल नाही, कोणताही गूढ घटक नाही. केवळ क्वार्कला स्थिर मानणे सोडले की स्पिनचा वाटा शंभरावरून तेहतीस टक्क्यांवर उतरतो. प्रागमधील पीटर झावाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या सहचर पार्टन-प्रतिमानाचा हा गाभा आहे.

हा आकडा मोजणीशी इतका जुळतो की इथेच थांबण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. न्यूट्रॉनच्या बीटा-क्षयातून मिळणारा अक्षीय जोडांक 1.27 आहे; स्थिर क्वार्कच्या चित्रात तो पाच तृतीयांश, म्हणजे 1.67 येतो. गतीमुळे सगळेच स्पिन एका प्रमाणात घटत असतील, तर हा जोडांकही त्याच प्रमाणात घटायला हवा. पण 1.67चा 1.27 होण्यासाठी सुमारे एक चतुर्थांश घट पुरते आणि स्पिनचा वाटा 30 टक्क्यांवर यायला त्याहून कितीतरी मोठी घट लागते. एकाच गुणकाने दोन्ही आकडे साधत नाहीत. म्हणून गतीखेरीज आणखी कारणे हवीत. फ्रेड मायरर आणि अँथनी थॉमस यांनी दाखवलेली वाट अशी : क्वार्कच्या वेगामुळे वाटा 65 टक्क्यांवर येतो, क्वार्कमधल्या ग्लुऑनच्या देवघेवीमुळे तो आणखी उतरतो, आणि न्यूक्लिऑनभोवतीचे पायॉनचे ढग उरलेल्यातला काही भाग कक्षीय गतीत वळवतात. पहिले पाऊल गतीचेच आहे, आणि पुढची पावलेही स्पिनला गतीत ढकलणारी आहेत. प्रतिमान चुकते तेव्हाही नेमके काय राहून गेले ते दाखवते. याहून मोठी अपेक्षा त्याच्याकडून कशाला करावी?

या क्षेत्रातल्या प्रमुख परंपरा याच प्रश्नाला वेगवेगळ्या बाजूंनी भिडतात. 1974 साली एमआयटीत मांडलेल्या बॅग-प्रतिमानात जवळपास वस्तुमानरहित क्वार्क एका गोलात कोंडलेले असतात. 65 टक्क्यांचा वरचा आकडा तिथूनच येतो. टोनी स्कर्म यांच्या 1960च्या दशकातल्या कल्पनेतून निघालेली सॉलिटॉन-परंपरा न्यूक्लिऑनला पायॉन-क्षेत्रातली एक गाठ मानते. सर्नचा धक्का ताजा असतानाच, 1988 साली, स्टॅनली ब्रॉडस्की, जॉन एलिस आणि मारेक कार्लिनर यांनी या चित्रात क्वार्कच्या स्पिनचा वाटा शून्याजवळ का असू शकतो ते दाखवले. प्रेक्षक-प्रतिमानात एका क्वार्कवर लक्ष ठेवून उरलेल्या दोघांना एकच जोडी समजतात. प्रकाश-आघाडीची परंपरा डिरॅक यांच्या 1949 सालच्या कल्पनेवर उभी आहे. तिथे स्थिर न्यूक्लिऑनमधला स्पिन आणि धावत्या न्यूक्लिऑनमधला स्पिन यांना जोडणारे मेलॉश परिभ्रमण मध्यवर्ती आहे. सहचर पार्टन-प्रतिमान सापेक्षतेची सममिती इतक्या कडकपणे पाळते की क्वार्कची पुढची गती ठरली की आडवी गतीही ठरते. वस्तुमानरहित क्वार्कचा आडवा संवेग तिथे प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे 470 एमईव्हीहून, जास्त होऊच शकत नाही. प्रयोगांच्या विश्लेषणातून मात्र सरासरीच 500 एमईव्हीच्या आसपास निघालेली आहे. ही तफावत सांगते, की मोजलेल्या आडव्या गतीत क्वार्कची स्वतःची हालचाल आणि ग्लुऑनांनी दिलेले धक्के या दोन्हींची भर आहे.

प्रतिमानांची खरी ताकद आडव्या गतीच्या प्रकरणात दिसली, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. 1991 साली फर्मीलॅबमध्ये स्पिन आडवा वळवलेले 200 जीईव्ही, म्हणजे दोन लाख एमईव्ही, ऊर्जेचे प्रोटॉन लक्ष्यावर आदळले, तेव्हा धन पायॉन एका बाजूला आणि ऋण पायॉन दुसऱ्या बाजूला जास्त संख्येने झुकले. हा कल काही ठिकाणी 30 टक्क्यांच्याही वर होता. आडवी गती न मोजणाऱ्या जुन्या हिशेबानुसार तो नगण्य असायला हवा होता. 1990 साली डेनिस सिव्हर्स यांनी सुचवले होते, की प्रोटॉनच्या स्पिनची दिशा आणि क्वार्कचा आडवा संवेग यांच्यात थेट नाते असावे. जॉन कॉलिन्स यांनी 1993 साली कालव्युत्क्रमाच्या सममितीवरून युक्तिवाद केला, की असे नाते शून्य असले पाहिजे. सिद्धांताच्या बाजूने प्रश्न मिटल्यासारखा झाला. 2002 साली ब्रॉडस्की, ड्ये सुंग ह्वांग आणि इव्हान श्मिट यांनी एक क्वार्क आणि एक जोडी एवढ्याच सामग्रीच्या साध्या प्रतिमानात गणित केले. बाहेर पडणारा क्वार्क मागे राहिलेल्यांशी एका ग्लुऑनची देवघेव करतो, एवढे धरताच नाते शून्य राहिले नाही. मग कॉलिन्स यांनीच आपला युक्तिवाद दुरुस्त केला आणि त्यातून एक धारदार भाकीत निघाले : इलेक्ट्रॉनच्या माऱ्यात या परिणामाचे जे चिन्ह दिसेल, त्याच्या उलट चिन्ह ड्रेल-यान प्रक्रियेत, म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क एकमेकांत विलीन होतात तेव्हा, दिसले पाहिजे. 2005 साली हर्मिसने पहिल्या प्रकारातला परिणाम पाहिला. चिन्ह उलटण्याची तपासणी कॉम्पासमध्ये आणि रिकच्या स्टार प्रयोगात सुरू झाली. निष्कर्ष भाकिताच्या बाजूने झुकतात, पण शेवटचा शब्द अजून उच्चारला गेलेला नाही.

प्रतिमानांवर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात, आणि तिन्हींना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप असा, की क्यूसीडीची समीकरणे माहीत असताना आणि महासंगणकावर जालक-पद्धतीने ती सोडवता येत असताना प्रतिमानांची गरजच काय? जालक-गणिते आता प्रौढ झाली आहेत; क्वार्कच्या स्पिनचा वाटा ती साधारण 30 ते 40 टक्के देतात. ही त्यांची मोठी कमाई आहे. परंतु संगणकातून निघालेला आकडा ‘किती’ एवढेच सांगतो. ‘का’ हे त्यावरून कळत नाही. सिव्हर्स परिणामाची कथा दाखवते, की कोणत्या राशी मोजाव्यात हेसुद्धा आधी प्रतिमानाने सुचवावे लागते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. प्रतिमान कमी ऊर्जेच्या पातळीवर बोलते, प्रयोग जास्त ऊर्जेवर होतो. मग तुलना कशाची? साध्या प्रतिमानांत ‘अप’ क्वार्कचा कक्षीय कोनीय संवेग धन येतो, जालक-गणितांत तो ऋण येतो, आणि हा विरोध बराच काळ सलत होता. 2008 साली थॉमस यांनी दाखवले, की क्यूसीडीच्या नियमांनी प्रतिमानाचे उत्तर जालकाच्या ऊर्जा-पातळीपर्यंत नेले तर वाटेत चिन्ह बदलते. म्हणजे आक्षेप बरोबर आहे, पण तो प्रतिमान टाकून देण्याचे कारण ठरत नाही. पातळी सांगितल्याशिवाय उत्तर सांगू नये, एवढी शिस्त तो लावतो.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. न्यूक्लिऑनच्या स्पिनची विभागणी एकाहून अधिक रीतींनी करता येते. 1990 साली जॅफी आणि अनीश मनोहर यांनी एक रीत दिली, 1997 साली शियांगडोंग जी यांनी दुसरी. दोन्हींत क्वार्कचा स्पिन सारखा येतो, पण कक्षीय वाटे वेगळे भरतात. मग ‘कक्षीय कोनीय संवेग किती?’ हा प्रश्न निरर्थक आहे का? मला तसे वाटत नाही. दोन्ही वाटे नेमक्या व्याख्येने बांधलेले आहेत, आणि जी यांच्या रीतीतली राशी काही निवडक प्रक्रियांच्या मोजणीशी जोडता येते. दोघांतला फरक बाहेर जाणाऱ्या क्वार्कवर पडणाऱ्या ग्लुऑनच्या बलाशी निगडित आहे, आणि सिव्हर्स परिणामाच्या मुळाशीही असेच बल आहे. म्हणजे व्याख्यांमधला हा भेदसुद्धा क्वार्क आतल्या क्षेत्रातून कसा जातो, याचीच माहिती देतो.

हे सारे आजच का समजून घ्यावे? जानेवारी 2020मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरसाठी ब्रुकहेवनची निवड जाहीर केली. रिकच्याच बोगद्याचा उपयोग करणाऱ्या या यंत्रात स्पिन वळवलेले इलेक्ट्रॉन आणि स्पिन वळवलेले प्रोटॉन समोरासमोर आदळतील, आणि कमी संवेगाच्या ग्लुऑनांचा राहिलेला हिशेब तसेच क्वार्कच्या आडव्या गतीचा त्रिमितीय नकाशा तिथे मिळेल. जगाला एवढ्या खर्चाचे यंत्र हवे आहे, याचे कारण या प्रश्नाचा आवाका आहे. आपल्या शरीराचे जवळपास सगळे वस्तुमान न्यूक्लिऑनांचे आहे, आणि त्यातला जेमतेम एक टक्का क्वार्कच्या स्वतःच्या वस्तुमानातून येतो. बाकी सारे त्यांच्या गतीचे आणि त्यांना बांधणाऱ्या क्षेत्राचे देणे आहे. या कामात मुंबईचाही वाटा आहे. बेंगळुरूच्या रोहिणी गोडबोले यांनी मुंबई विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई येथील सहकाऱ्यांसोबत 2012 साली जे-साय कणांच्या निर्मितीतून ग्लुऑनचा सिव्हर्स परिणाम कसा पाहता येईल, याचे गणित मांडले. तेव्हा ब्रुकहेवनच्या यंत्राची जागाही ठरलेली नव्हती.

या पुस्तकाचा प्रयत्न यातूनच ठरला आहे. प्रतिमानांची जंत्री देणे हा त्याचा हेतू नाही. पदवीपर्यंतचे भौतिकशास्त्र शिकलेल्या वाचकाने स्थिर क्वार्कच्या चित्रापासून निघावे, त्या चित्रात गती घालावी, स्पिनचे काय होते ते स्वतः गणित करून पाहावे, आणि प्रत्येक परंपरेचे गृहीत कुठे कामी येते व कुठे तोकडे पडते ते आकड्यांच्या आधारे ठरवावे, अशी त्याची रचना आहे. म्हणून प्रयोगाची माहिती सिद्धांताच्या शेजारीच ठेवली आहे आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याची ऊर्जा-पातळी दिली आहे. कोणत्याही एका प्रतिमानाची वकिली केलेली नाही, कारण यातले एकही पुरेसे नाही. पण ती सारी एकत्र वाचली, की त्यांत एक समान निष्कर्ष दिसतो : ज्या प्रतिमानाने क्वार्कची गती गंभीरपणे घेतली, त्याने मोजण्याजोगे काहीतरी नवे सुचवले. येत्या काळात नवी मोजमापे हाती येतील तेव्हा आजची काही प्रतिमाने टिकतील, बरीच मोडतील. कोणते का मोडले हे ओळखण्याची तयारी मराठी वाचकाकडे आधीपासून असावी, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.